मागचा सह्याद्री : मॉडेल रेल्वेचा पडदा रंगवणं आणि त्याचे फोटो काढणं

मॉडेल रेल्वेचा फोटो फसतो तो सहसा इंजिनामुळे नाही, इंजिनाच्या मागे जे दिसतं त्यामुळे. रुळांच्या बाजूंना गंजाचा रंग दिलेला असतो, खडी नीट पसरलेली असते, डब्यांवर धुळीचा हात फिरवलेला असतो, आणि मागे घराची गुलाबी भिंत, स्विचबोर्ड आणि कॅलेंडर. मागे डोंगर-आकाश रंगवलेला फळीचा पडदा लावल्यावरही पुष्कळदा काम जमत नाही. पडदा उभं राहून, हातभर अंतरावरून बघत रंगवला जातो आणि फोटो मात्र रुळांलगत लेन्स ठेवून काढला जातो. दोन्ही ठिकाणांहून डोंगर, क्षितिज, प्रकाश सगळं वेगळं दिसतं. म्हणून पडदा आणि फोटो ही दोन कामं न धरता एकच काम धरावं.

उदाहरणासाठी इथे भोर घाट घेतला आहे : कर्जत ते लोणावळा, एचओ स्केल (1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 वा भाग), महिना जुलै. हा मार्ग 1863 मध्ये सुरू झाला. चढ 37 ला 1 आहे, आणि वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात. मॉडेल करणाऱ्याला या घाटाचा मोठा फायदा असा, की बोगदे आणि डोंगरधारा लेआउटची, म्हणजे रूळ आणि देखाव्याच्या मांडणीची, टोकं आपोआप झाकतात. सपाट प्रदेशाच्या लेआउटला अशी सोय नसते.

आधी कॅमेरा, मग ब्रश

रूळ अंथरून झालेत आणि पडदा अजून कोरा आहे, ही वेळ सगळ्यात मोलाची. ज्या तीन-चार जागांवरून फोटो काढावेसे वाटतील त्या आत्ताच ठरवा आणि प्रत्येक जागी कडेला मास्किंग टेपचा तुकडा लावून ठेवा.

माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे 1.55 मीटरवर धरले तर एचओमध्ये ते 18 मिलिमीटरवर येतात. रुळांशेजारी उभ्या माणसाला गाडी दिसते तशी फोटोत हवी असेल तर लेन्स जमिनीपासून दोन सेंटीमीटरच्या आसपास हवी. फोन सरळ उभा केला तर लेन्स बरीच वर राहते. तो उलटा करा, लेन्सची बाजू खाली, म्हणजे ती थेट रुळांच्या पातळीला येते.

पडद्याची उंची यावरूनच ठरते. फोनची मुख्य लेन्स आडव्या फोटोसाठी समपातळीत धरली, तर लेन्सपासून पडदा जेवढा लांब त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त उंची लेन्सच्या वर लागते. पडदा एक मीटरवर असेल तर साधारण 55 सेंटीमीटर. रुंदी अंतराच्या जवळजवळ दीडपट लागते. वाइड लेन्सला हे पुरत नाही. तिला वर पूर्ण अंतराएवढी उंची आणि रुंदीत अडीचपटीहून जास्त पडदा लागतो. म्हणून 60 सेंटीमीटरच्या पडद्यासमोर वाइड लेन्स लावली की वर छत दिसतंच. दोन फुटांचा पडदा आणि मुख्य लेन्स ही जोडी घरातल्या बहुतेक लेआउटना पुरते.

क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीत असतं, मग तो समुद्रकाठी असो की डोंगरावर. घाटाचे पडदे इथेच चुकतात. खंडाळ्यावरून खाली कोकण दिसतं म्हणून क्षितिजरेषा रुळांच्याही खाली काढली जाते आणि सगळा देखावा पुढे कलल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात राजमाची पॉइंटवर उभं राहिलं तर दरी पायाखाली असते, पण दूरची कड डोळ्यांसमोरच असते. फोटोची लेन्स 2 ते 15 सेंटीमीटर उंचीवर फिरणार असेल, तर क्षितिज रुळांपासून 5 ते 8 सेंटीमीटर वर धरा. बहुतेक ठिकाणी ते डोंगरामागे लपवा आणि दरी एकाच जागी उघडी ठेवा. उघडं क्षितिज जितकं कमी, तितक्या जास्त कोनांतून फोटो खरा वाटतो.

पडद्याचा पाया

मागची बाजू 12 फूट आणि दोन्ही टोकांना 2-2 फुटांचं वळण धरलं तर एकूण लांबी 16 फूट होते. दोन फूट उंचीला हे 8 बाय 4 च्या एका हार्डबोर्ड शीटमधून नेमकं निघतं. शीट लांबीत उभी चिरून 8 फुटांच्या दोन पट्ट्या करा. मात्र त्या दोन्ही शेजारी-शेजारी लावू नका, कारण मग सांधा बरोबर मध्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त फोटो निघतात तिथे येतो. एक पट्टी अखंड मध्ये लावा, दुसरी अर्धी कापून चार-चार फुटांचे तुकडे दोन टोकांना. आता सांधे कोपऱ्यांपासून दोन फुटांवर जातात.

3 मिलिमीटरचा हार्डबोर्ड घ्या, गुळगुळीत बाजू समोर ठेवा. कोपरा काटकोनात करू नका. आकाशात उभी रेघ दिसली की खोलीचा कोपरा ओळखू येतो आणि फोटो गेलाच. 35 ते 40 सेंटीमीटर त्रिज्येचं वळण द्या. कोरडा बोर्ड एकदम वाकवला तर तडकतो, म्हणून मागची खरखरीत बाजू ओल्या फडक्याने पुसून, दोरीने बांधून रात्रभर वाकवून ठेवा. वळणामुळे लांबी थोडी वाचते. उरलेला तुकडा रंग तपासायला ठेवा, तो पुढे सतत लागतो.

प्रायमर दोन्ही बाजूंना लावायचा. नुसत्या पुढच्या बाजूला लावला तर मागून ओल शिरते, आणि मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात बोर्ड पोटासारखा फुगतो. चौकटीवर स्क्रू साधारण 25 सेंटीमीटर अंतराने मारा आणि डोकी किंचित आत दाबा. सांध्याच्या मागे 10 सेंटीमीटर रुंदीची प्लायची पट्टी फेविकॉलने चिकटवा, समोरून सांध्याची जाळीदार टेप लावा, वर ॲक्रिलिक पुट्टीचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात दिला तर वाळताना तडा जातो. पॉलिश पेपर आधी 120 नंबरचा, मग 220 चा. शेवटी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च बोर्डाला जवळजवळ टेकवून तिरका मारा. समोरून न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. लेआउटचे दिवेही वरून तिरकेच पडणार असतात, म्हणून ही तपासणी टाळू नका.

फ्लेक्सवर छापलेला फोटो लावणं सोपं वाटतं, पण चकाकणारा फ्लेक्स दिव्याचा पट्टा परावर्तित करतो. छापायचंच असेल तर मॅट विनाइलवर छापा. 12 फुटांसाठी इंचाला 100 पिक्सेल धरले तरी 14,400 पिक्सेल रुंद फोटो लागतो, आणि छापण्याआधी त्याचा कॉन्ट्रास्ट बराच उतरवावा लागतो. नाहीतर मागचा डोंगर पुढच्या गाडीपेक्षा ठळक दिसतो.

आकाश

पहिल्यांदाच पडदा रंगवणाऱ्याने जुलैचं आकाश निवडावं. ढगाळ आभाळात निळ्याच्या उतरत्या छटा जुळवण्याची कसरत नसते, सावल्या मऊ असतात, आणि डोंगरमाथा ढगात गेला तर तो काढावाही लागत नाही.

भिंतीला लावतात तो मॅट ॲक्रिलिक इमल्शन घ्या, पांढरा, एक लिटर. ऑइल पेंट चकाकतो आणि डिस्टेंपर हाताला लागतो, म्हणून दोन्ही नकोत. सोबत निळा, काळा आणि यलो ऑक्साइड असे तीन स्टेनर, म्हणजे इमल्शनमध्ये मिसळायचे दाट रंग. रंगाचे तीन डबे करा. खालच्या पट्ट्यासाठी पांढऱ्यात यलो ऑक्साइडचे एक-दोन थेंब. मधल्यासाठी पांढऱ्यात काळ्याचा आणि निळ्याचा जेमतेम स्पर्श. वरच्यासाठी तोच मेळ थोडा गडद. स्टेनर फार जोरकस असतो, म्हणून तो थेट डब्यात ओतू नका. वाटीभर पांढऱ्यात मिसळून मग डब्यात थोडाथोडा घाला. इमल्शन वाळल्यावर गडद होतं, तेव्हा प्रत्येक मेळ उरलेल्या तुकड्यावर लावून, हेअर ड्रायरने वाळवून, मगच पसंत करा.

खालच्या डब्यातला सुमारे 200 मिलिलिटर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळा काढा आणि बरणीवर ‘धुकं’ असं लिहा. आकाश संपल्यावर खरं काम याच बरणीचं आहे.

लावताना पंखा बंद. चार इंची ब्रशने तिन्ही पट्टे ओले असतानाच एकमेकांत आडव्या हाताने मिसळायचे. एका वेळी चार फुटांपेक्षा जास्त घेऊ नका आणि कड ओली ठेवा. उन्हाळ्यात रंग पटकन ओढला जातो, तेव्हा स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारत राहा. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला तर तो गोळा होऊन निघतो. तसं झालं तर हात थांबवा, पूर्ण वाळू द्या, घासा आणि दुसऱ्या हातात दुरुस्त करा. ढगांसाठी ओलसर स्पंज आणि पाणी घातलेला पांढरा रंग पुरे. ढगाची वरची कड थोडी स्पष्ट, खालची विरलेली. आणि कापसाचे पुंजके नकोत, जुलैच्या घाटात तसे ढग नसतात.

डोंगर

सगळा कस इथे लागतो.

सह्याद्री आल्प्ससारखा नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्यातून हा कातळ झाला, आणि ते थर आजही जवळजवळ आडवे आहेत. काळ्या कड्याचा पट्टा, खाली हिरवा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथ्यावर बहुधा सपाटी. शेजारच्या डोंगरावर तोच पट्टा जवळपास त्याच पातळीला सापडतो, कारण थर एकच होता, मधली दरी पाण्याने नंतर कोरली. म्हणून रंगवण्याआधी पेन्सिलीने पडदाभर तीन-चार फिक्या आडव्या रेषा मारून घ्या आणि प्रत्येक डोंगराचे कडे त्या रेषांशी जुळवा. एवढं केलं तर चित्रकलेचा हात नसलेल्या माणसाचा डोंगरही सह्याद्रीचा वाटतो. त्रिकोणी टोकांची रांग काढली तर कितीही चांगला रंग दिला तरी ती वाटत नाही.

या आडव्या ठेवणीत एक-दोन ओळखीच्या आकृत्या पुरतात. नागफणीचा उभा तुटलेला सुळका, किंवा उल्हासच्या खोऱ्यापलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. दोन्ही एकाच चौकटीत कोंबू नका. एक ठळक आकार गाडीच्या मागे नेमका येणार नाही अशा जागी ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोत इंजिनाच्या टपातून कडा उगवल्यासारखा दिसतो.

डोंगर किती उंच काढायचा याचंही गणित आहे. आपल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा डोंगर जितका वर, त्याला त्याच्या अंतराने भागा आणि लेन्सपासून पडद्याच्या अंतराने गुणा. तीन किलोमीटरवरचा, 400 मीटर वर असलेला डोंगर एक मीटरवरच्या पडद्यावर फक्त 13 सेंटीमीटर येतो. नव्याने रंगवणारे तो सहज 30-35 सेंटीमीटर काढतात. मग तो डोंगर लांबचा न राहता रुळांवर कोसळायला आल्यासारखा होतो. धबधब्याचंही तेच : दोन किलोमीटरवरची पाच मीटर रुंद धार एक मीटरवर अडीच मिलिमीटर. ती शुद्ध पांढरी आणि सलग नको. धुक्याच्या बरणीतल्या रंगाने, मध्येमध्ये तुटलेली काढा. जुलैत धारा कितीही असल्या तरी पडद्यावर तीन पुरेत.

रंगासाठी कलाकारांचे ॲक्रिलिक ट्यूब : सॅप ग्रीन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ओकर आणि पेन्स ग्रे. हे रंग एकटे लावले तर वाळून चमकतात. मॅट इमल्शन मिसळलं की चमक जाते, म्हणूनही बरणी हवी. कड्यासाठी थेट काळा कधी वापरू नका, पेन्स ग्रेमध्ये थोडं बर्न्ट सिएना घाला. थेट काळा फोटोत भोकासारखा दिसतो.

सगळ्यात मागची रांग आधी रंगवायची. तिच्यासाठी धुक्याचे चार भाग आणि डोंगराच्या हिरव्याचा एक. तिच्यात कडे-उतार दाखवायचे नाहीत, नुसती आकृती. दुसऱ्या रांगेत दोनास एक, आणि कड्यांचे पट्टे जेमतेम सुचवायचे. तिसरीत निम्मे-निम्मे. सगळ्यात पुढच्या रांगेत धुक्याचा एक आणि हिरव्याचे तीन भाग, तिथे झाडोरा स्पंजने टिपायचा. प्रत्येक रांगेचा पायथा तिच्या माथ्यापेक्षा फिका ठेवा. दरीत धुकं साचतं, आणि या फिक्या पट्ट्यानेच पुढची रांग सुटी दिसते. अगदी पुढच्या रांगेतही थोडं धुकं राहू द्या, शुद्ध ट्यूबचा हिरवा पडद्यावर कुठेच नको. तो लेआउटवरच्या झाडांना ठेवा.

रांगेमागून रांग रंगवताना दर वेळी फोन टेपच्या खुणेवर ठेवून फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंग काढून टाकल्यावर रांगा एकमेकींपासून करड्याच्या वेगळ्या छटांत सुट्या दिसल्या तर काम बरोबर चाललं आहे. दोन रांगा एकच वाटल्या तर मागची अजून फिकी करा, पाणी घातलेल्या धुक्याचा एक पातळ हात पुरतो.

संदर्भासाठी फोटो हवेत, ते राजमाची पॉइंटसारख्या सार्वजनिक जागेवरून काढा. रुळांवर किंवा बोगद्याच्या तोंडाशी जाणं धोक्याचं आहे आणि गुन्हाही. आणि जुलैचेच फोटो वापरा. मार्चमध्ये हेच उतार पिवळट करडे असतात. ऑक्टोबरच्या पडद्यापुढे जुलैचं पोपटी गवत ठेवलं तर कुठे खटकतंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

पडदा आणि जमीन जिथे भेटतात

आडवी सपाट जमीन उभ्या पडद्याला भिडते तिथे सरळ रेघ तयार होते, आणि फोटोत नजर आधी तिथेच जाते. भरायला बसलात तर ती कधीच पूर्ण भरत नाही. ती झाकायची. पडद्याच्या पुढे दोन-तीन सेंटीमीटर फट सोडून थर्माकोल किंवा फोमचा ठेंगणा उंचवटा करा, त्यावर झुडपं लावा. फट उंचवट्यामागे लपते आणि पडद्यावर झाडांच्या सावल्या पडत नाहीत. पुढची झाडं मोठी, मागची लहान : दहा मीटरचं झाड एचओमध्ये साडेअकरा सेंटीमीटर होतं, पण पडद्यालगत चार-पाच सेंटीमीटरचीच लावा. एन स्केलची (1:160) एखादी चौकी किंवा घर मागच्या टेकाडावर ठेवलं तर अंतर आणखी वाढल्यासारखं वाटतं.

रस्ता पडद्याला काटकोनात नेऊन तसाच पुढे रंगवू नका. तो ज्या एका जागेवरून जुळतो तिथून हललं की मोडलेला दिसतो. रस्ता पडद्याआधीच वळवून झाडांमागे न्या. पडद्यावरची घरंही समोरून दिसतात तशीच काढा. तिरक्या कोनातलं घर दुसऱ्या बाजूने हमखास चुकतं.

रूळ पडद्यापासून किमान 15 सेंटीमीटर, जमलं तर 20 सेंटीमीटर पुढे हवेत. आकाशावर डब्याची सावली पडली तर मागचा सगळा खटाटोप एका क्षणात उघडा पडतो, आणि ही चूक नंतर दिव्यांनीही पुरती सुटत नाही.

दिवे

सगळे दिवे एकाच रंगाचे घ्या, 5000 केल्विनच्या आसपास आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचे. स्वस्त एलईडीखाली हिरवे एकसुरी होतात आणि गंजाचे तांबूस रंग मेल्यासारखे दिसतात. फोटो काढताना खिडकी बंद ठेवा. एका बाजूने दिवसाचा निळसर उजेड आणि दुसरीकडून पिवळा बल्ब असला तर कुठलाही व्हाइट बॅलन्स दोन्ही सांभाळू शकत नाही.

एलईडी पट्टी पडद्याच्या डोक्यावर नको. ती 30-40 सेंटीमीटर पुढे, वरून लावलेल्या झालरीमागे लावा, म्हणजे उजेड पडद्यावर एकसारखा पसरतो आणि गाडीची सावली मागे उंच न जाता खाली जमिनीवर पडते. पावसाळी देखाव्याला कडक सावली शोभत नाही. पुढच्या दिव्यासमोर बटर पेपर ताणून लावा, एलईडी फारसा तापत नाही, त्यामुळे चालतं. उन्हाचा देखावा असेल तर दिवा एकाच बाजूला ठेवा आणि पडद्यावरच्या डोंगरांची उजळ बाजूही तीच असू द्या.

फोटोत आडवे काळे पट्टे आले तर ते दिव्याच्या लुकलुकण्याचे असतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 वर, किंवा त्याहून बरंच संथ ठेवा. डिमर लावला असेल तर तो पूर्ण उघडा, तोही लुकलुकतो.

फोटो

आधी साफसफाई. मऊ ब्रशने आणि हवेच्या फुग्याने धूळ झटका, रुळांवरची लव काढा, प्रत्येक चाक रुळावर आहे का बघा. डोळ्यांना न दिसणारी घसरलेली एक चाकजोडी फोटोत पहिल्यांदा दिसते. फोनची लेन्स स्वच्छ पुसा.

मॉडेलचा फोटो खेळण्यासारखा का दिसतो? मुख्यतः अस्पष्ट पार्श्वभूमीमुळे. खरी गाडी आपण लांबून बघतो, म्हणून गाडी आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट असतात. मॉडेल जवळून टिपतो, तेव्हा स्पष्टतेचा पट्टा आक्रसतो. एपीएस-सी (फोनपेक्षा बऱ्याच मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 35 मिलिमीटरची लेन्स, लेन्सचं छिद्र एफ/11, 40 सेंटीमीटरवर फोकस केला तर पुढून-मागून मिळून जेमतेम पाच सेंटीमीटरच स्पष्ट येतात. एफ/16 ला सात. एचओचा एक लांब प्रवासी डबा याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून फोनचा पोर्ट्रेट मोड इथे पूर्ण चुकीचा, तो उरलीसुरली स्पष्टताही पुसतो. साध्या फोनचा लहान सेन्सर मात्र इथे फायद्याचा ठरतो, कारण त्यात स्पष्टतेचा पट्टा जास्त मिळतो. खूप जवळ गेल्यावर काही फोन आपोआप मॅक्रोसाठी वाइड लेन्सवर उडी मारतात. ते बंद करा, नाहीतर चौकट अचानक रुंदावते आणि पडद्याच्या कडा आत येतात.

एवढ्याने भागत नसेल तर फोकस स्टॅकिंग. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा फोन तांदळाच्या छोट्या पिशवीवर पक्का टेकवा. आयएसओ 100, छिद्र एफ/8 किंवा एफ/11, व्हाइट बॅलन्स आणि शटर हाताने कायम केलेले, दोन सेकंदांचा टायमर. फोकस आधी सगळ्यात जवळच्या खडीवर, मग थोडा-थोडा मागे नेत पडद्यापर्यंत, आठ ते पंधरा फोटो. जवळच्या भागात पावलं लहान ठेवा, मागे मोठी चालतात. हे फोटो हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. दरम्यान खोलीत कुणी चालू नये. लाकडी चौकट हलली की इंजिनाच्या कडांना दुहेरी रेघ येते. पडद्याचा शेवटचा फोटो किंचित मऊ राहिला तर उत्तम, हवेतला ओलावा तसाच दिसतो. ब्रशचे फटकारे मोजता येतील इतका स्पष्ट पडदा नको.

फोनची ऑटो सुधारणा, एचडीआर आणि ‘सीन’ ओळखणं बंद करा. फोनला फिके डोंगर म्हणजे बिघडलेला फोटो वाटतो. तो ते गडद करतो, करडं आकाश निळं करतो, आणि चार रांगांत मेहनतीने आणलेलं अंतर एका झटक्यात सपाट होतं. नंतर संपादन करतानाही धूसरपणा घालवणाऱ्या ‘डीहेझ’ला हात लावू नका. रंगाची तीव्रता वाढवण्याऐवजी उलट थोडी उतरवून बघा. फोकस आणि उजेड बोट दाबून इंजिनाच्या बाजूवर कायम करा, आणि आकाश पांढरं फटक पडत असेल तर उजेड थोडा खाली ओढा.

एका दृश्याचे किमान तीन फोटो घ्या : डोळ्यांच्या उंचीवरून, समोरच्या टेकडीवरून दिसेल तसा 15 सेंटीमीटरवरून, आणि एक बोगद्याच्या आतून बाहेर बघणारा. शेवटच्यात पडदा चौकटीत बसवल्यासारखा दिसतो आणि त्याच्या कडा झाकलेल्या राहतात, म्हणून घाटाच्या लेआउटवर तो बहुधा सगळ्यात यशस्वी होतो.

फोटो पाठवताना

लांब बाजू 2048 पिक्सेल, जेपीईजी, दर्जा 85 च्या आसपास, रंगांसाठी एसआरजीबी. एवढं स्क्रीनवर बघायला पुरतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आकाशाच्या मऊ छटांवर पायऱ्या उमटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते. अनोळखी लोकांपर्यंत फोटो जाणार असतील तर त्यातली जागेची माहिती काढून टाका. महागडं इंजिन नेमकं कुठल्या घरात आहे हे सगळ्यांना कळायची गरज नाही.

सगळे फोटो पाठवू नका. एक लांबून, ज्यात लेआउटची चौकट आणि खोलीही दिसते, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. दोन-तीन मधल्या अंतरावरून. मग जवळचे. सोबत स्केल, गेज (दोन रुळांमधलं अंतर), दाखवलेली जागा आणि ऋतू, पडदा कशावर आणि कुठल्या रंगांनी केला, लेन्स पडद्यापासून किती लांब होती, हे लिहा. एचओचा गेज 16.5 मिलिमीटरचा असतो आणि आपला 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज 1:87 ला 19.3 येतो. म्हणजे तयार रुळांवरची भारतीय गाडी थोड्या अरुंद रुळांवर उभी असते. हे आधीच लिहून टाकलं तर चर्चा रुळांच्या रुंदीवर न अडकता पडद्यावर येते. धूर, पाऊस किंवा आकाश सॉफ्टवेअरने घातलं असेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण समोरचा ते ब्रशने करायचा प्रयत्न करणार असतो. पडद्याचा फसलेला कोपराही एका फोटोत दाखवा आणि तो का फसला ते लिहा. शिकणाऱ्याला त्याच फोटोचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

मूळ फाइल जपून ठेवा, आणि काम चालू असताना महिन्यातून एकदा टेपच्या त्याच खुणेवरून एक फोटो काढत राहा. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे जॉन ॲलन या व्यावसायिक छायाचित्रकाराने एचओमध्ये ‘गोरी अँड डिफिटेड’ (Gorre & Daphetid) नावाचा लेआउट उभारला होता. आरसे लावून आणि मागचे आकार लहान करत नेऊन त्यात त्याने खोली निर्माण केली. 1973 मध्ये तो वारला आणि काही दिवसांतच लेआउट आगीत गेला. आज जगभरचे मॉडेलकार त्याच्याकडून शिकतात, ते त्याने काढून ठेवलेल्या फोटोंवरून.